म्हसोबाची खोळ

१

म्हसोबाने खोळ सोडली होती आणि त्याच्या पायाशी मष्णूआज्जा मरून पडला होता.

निपाणीपासून दोन कोसांवरच्या कोडगेवाडीत ही बातमी ऊन पडायच्या आत घरोघर पोचली. मष्णूआज्जाची तंबाखू आणि नागेंद्रचा ऊस यांच्या मधल्या बांधावर हा म्हसोबा. गुडघाभर उंचीचा. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढून त्याच्या अंगावर दोन बोटे जाडीचे कवच झाले होते. त्यालाच खोळ म्हणतात. देवाच्या मनात आले की तो ती आपणहून टाकतो, असे सगळे मानतात. पण कोडगेवाडीच्या म्हसोबाने खोळ टाकलेली हयात माणसांपैकी कुणी पाहिली नव्हती. त्या सकाळी शेंदराच्या खापऱ्या चहूकडे विखुरल्या होत्या, मध्ये एक उघडाबोडका काळा दगड उभा होता आणि मष्णूआज्जा उताणा पडला होता, डोक्याची मागची बाजू फुटलेली.

त्याच्याशेजारी प्रशिक उभा होता. हातात लोखंडी हातोडा.

प्रशिक जमीन मोजणारा सर्व्हेअर. हातोडा खुंट्या ठोकायचा. सकाळी सहाला कामावर आलो, आज्जाला पडलेला पाहिला आणि मीच ओरडलो, असे तो सांगत होता. पण आदल्या संध्याकाळी त्याचे आणि मष्णूआज्जाचे वाजले होते. आज्जा म्हणत होता, हद्द म्हसोबावरून धरू नको. आणि प्रशिक वैतागून बोलून गेला होता, "आज्जा, तुमचा देव कुठं का बसंना, माझ्या मशीनला काय फरक पडत न्हाय."

दहा माणसांनी ते ऐकले होते. रात्र सरली नाही तोच देव उघडा पडला आणि आज्जा गेला. फौजदारांना आणखी काही शोधायची गरज वाटली नाही. प्रशिकला गावाबाहेरच्या चौकीत बसवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला चिकोडीला कोर्टापुढे उभे करायचे ठरले.

२

देवाप्पाला फोन आला तेव्हा तो कंग्राळीतल्या आपल्या घरी चष्मा शोधत होता. फोन पारमिताचा, त्याच्या भाचीचा. ती निपाणीत वकिली करते. प्रशिक तिचा धाकटा भाऊ.

"मामा, तुमी या आणि तो दगड बघा."

"मी? मी काय बघणार गं? आमच्या कॉलेजातल्या सरांना विचारूया."

"सर लोक चौकशी करून कळवतो म्हणतील. माझ्याकडं आजचाच दिवस हाय."

बेळगावच्या एका कॉलेजात देवाप्पाने चौतीस वर्षे भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीसाचे काम केले होते. दगड धुवायचे, पुसायचे, ट्रेमध्ये मांडायचे, सर सांगतील ते नाव चिठ्ठीवर लिहायचे. त्याला स्वतःला काय वाटते हे चौतीस वर्षांत कुणी विचारले नव्हते, आणि कुणी विचारले असते तर त्याने "बहुतेक" या शब्दाने सुरुवात केली असती. सरांची पुस्तके मात्र त्याने एकेक करून घरी नेऊन वाचली होती.

त्याने जुने भिंग खिशात टाकले आणि मिळेल ती बस पकडली.

चौकीत प्रशिक बाकावर बसला होता. मामाला पाहून तो उठला आणि पुन्हा खाली बसला.

"जेवलास का रं?"

"न्हाय. मामा, मी त्याला हात बी लावला न्हाय. त्याला ना त्याच्या देवाला."

"मला ठाऊक आहे. एक सांग. आदल्या दिवशी तू मशीन कुठं लावलं होतंस?"

"म्हसोबाच्या शेजारी. तिथली घाणेरीची जाळी तोडून घेतली. सपाट जागा तेवढीच होती. आज्जा तासभर समोर बसून मशीनकडं बघत होता. लई बारकाईनं. मध्येच म्हणाला, 'हे देवापासनं मोजतंय व्हय?' माझं लक्ष कामात. मी मान हलवली असंल."

"आणि कशावरून भांडत होता तो?"

"विहिरीवरनं. विहीर त्याच्या बापानं खणलेली. म्हसोबा धरून रेघ मारली, तर विहीर नागेंद्रच्या रानात जाती. आज्जाचं म्हणणं, नागेंद्रच्या बापानं बांध कोरून कोरून म्हसोबापतोर आणलाय."

बाहेर येताना हवालदार पारमिताला हळूच म्हणाला, "गावात बोलणं बरं न्हाय, मॅडम. पोरगं आज हिथनं गेलेलं बरं."

३

बांधावर कुणी नव्हते. एरवी अशा ठिकाणी बघ्यांची गर्दी असते. इथे वाटसरू लांबून वळसा घालून जात होते. तोडलेली घाणेरी वाळून पडली होती. शेंदराच्या खापऱ्या गोळा करून कुणीतरी नव्या बांबूच्या बुट्टीत भरल्या होत्या आणि वर पांढरे फडके टाकले होते. ती खोळ वेदगंगेत सोडायची. पण म्हसोबाची पूजा मष्णूआज्जाच्या घराकडे, आणि घराला सुतक. तेरा दिवस बुट्टी तिथेच राहणार होती.

देवाप्पा वाकणार एवढ्यात उसातून आवाज आला.

"ओ, शिवू नका हां. तुमी न्हाय शिवलेलं बरं."

नागेंद्र. पन्नाशीचा, दांडगा, हातात कोयता. हे वाक्य देवाप्पाने आयुष्यात अनेक सुरांत ऐकले होते. नागेंद्रचा सूर निराळा होता. त्यात नुसती भीती होती.

"मी प्रशिकचा मामा," देवाप्पा म्हणाला. "नुसतं बघतो."

"बघा. मी बी कालपास्नं बघतोय. खोळ टाकली की देव कुणालातरी घेतो म्हणं. त्यानं तर पुजाऱ्यालाच घेतलं."

"तुमचं आणि मष्णूआज्जांचं वैर होतं, असं ऐकलं," पारमिता म्हणाली.

"व्हतं की! खोटं कशाला बोलू, आक्का? पंधरा वरसं बोललो न्हाय. पण मला म्हाताऱ्याला मारायची काय गरज? देव हाय तिथं हद्द धरली की विहीर आपसूक माझीच."

तो कोयता बगलेत मारून निघून गेला. पारमिता त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. "मामा, ह्याच्याइतकं कारण कुणालाच न्हाय."

देवाप्पाचे लक्ष दगडाकडे होते. तो गुडघ्यावर बसला होता. बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून त्याने त्या काळ्या दगडावर एक रेघ ओढली. पाणी दगडावर पसरले. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा पसरले. मग बुट्टीवरचे फडके बाजूला करून त्याने एक खापरी उलटी केली आणि आतल्या बाजूला भिंग लावले.

मग दुसरी खापरी, मग तिसरी. पारमिता त्याच्याशेजारी वाकली.

"पारू," तो म्हणाला, "ही खोळ ह्या देवाची नाही."

४

"म्हणजे?"

"बहुतेक," देवाप्पा घाईने म्हणाला. "माझी चूकही असेल. पण तू स्वतः बघ."

खापरीच्या आतल्या बाजूला एकमेकींना समांतर बारीक सऱ्या उठल्या होत्या, नांगरलेल्या वावरासारख्या. सऱ्यांमध्ये चकाकणारे कण चिकटलेले.

"शेंदूर दगडावर चढतो तेव्हा आतून दगडाचा ठसा घेतो. हा ठसा पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाचा आहे. आणि हे चमकतंय ते अभ्रक. आता हा उभा आहे तो दगड बघ. काळा, एकजिनसी, अंगावर देवीच्या व्रणांसारखे खळगे. ह्याच्यावर चढलेल्या शेंदराला आतून फोड दिसायला हवेत, सऱ्या नव्हेत."

"दगड दगडात एवढा फरक?"

"तू गुऱ्हाळात काकवी बघितलीस ना? उकळती ओतली की थंड होऊन घट्ट होते, बुडबुड्यांची भोकं तशीच राहतात. हा काळा दगड तसा. जमिनीतून वितळून आला, थिजला. अग्निजन्य. त्याला कुठूनही घाव घाल, त्याला बाजू अशी नाही. दुसरा दगड घडीच्या चपातीसारखा. तो आधी साधाच दगड असतो, पण जमिनीखाली दाबला जातो, भाजला जातो. वितळत मात्र नाही. त्याला पदर सुटतात. त्याला रूपांतरित म्हणतात. पदरात पहार घातली की सरळ दोन फाकळ्या."

पारमिताने चहूकडे पाहिले. बांधावरचे दगड काळे, विहिरीचा काठ काळा, विहीर खणताना निघालेला ढीग काळा.

"हिकडं तसला पट्ट्यांचा दगड कुठं हाय?"

"नाहीच. निपाणीकडं सगळा काळा. पट्ट्यांचा दगड खानापूरकडं."

"मग देव तिकडनं आला?"

"तेच विचारायला हवं. आणखी एक. शंभर वर्षं तेल प्यालेल्या दगडावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. ह्याच्यावर पसरलं. ह्या दगडानं तेल कधी पाहिलेलंच नाही."

ऊन तापले होते, तरी पारमिताने पदर अंगाभोवती ओढून घेतला. "म्हणजे देव बदललाय."

"आणि बदलणाऱ्याला वाटलं, उघडा देव कुणी पाहिलाय? इथला दगड काळा, म्हणजे देवही काळाच असणार. कोणाला शंका येणार नाही. बरोबरच होतं त्याचं. आलीही नाही."

तो उठला आणि तोडलेल्या घाणेरीच्या फांद्या एकेक बाजूला ओढू लागला. काळ्या दगडापासून तीन पावलांवर, तंबाखूच्या बाजूला, तो थांबला. माती तेलकट, काळपट होती. मुंग्यांची रांग लागली होती. खवट तेलाचा वास एकदम वर आला.

खरा म्हसोबा इथे बसत होता. तो नागेंद्रच्या रानाकडे तीन पावले सरकला होता, आणि घाणेरी तुटून खुणा पुसल्याने ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

पारमिताने विहिरीकडे नजर टाकली, मग दगडाकडे, आणि मनातल्या मनात रेघ ओढली. "मामा," ती पुटपुटली, "ह्या रेघेनं विहीर नागेंद्रची न्हाय होत. आज्जाची होती."

५

मष्णूआज्जाच्या घरी रुक्माबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. मुलगा आण्णाप्पा अवघडल्यासारखा दारात उभा. चाळिशीचा माणूस, कालच केस उतरवलेला. पारमिता कोण हे कळल्यावर तो आत सरकला आणि अंधारात उभा राहिला. म्हातारीने मात्र बसायला पाट दिला.

"तुजा भाऊ का बाई तो? त्याला बघितलंय मी. मला आज्जी म्हणाला व्हता."

"म्हसोबा कुठनं आला, आज्जी? हिथलाच का?"

"न्हाय गं. सासूबाई सांगायच्या, खानापूरच्या रानातनं आलाय. बैलगाडीत घालून. त्येंच्या सासूबाईंचा माहेरचा देव."

"हे गावाला ठाऊक आहे?" देवाप्पाने विचारले.

"गावाला कशाला? बायकांचं बोलणं. गड्यांनी कधी इचारलं न्हाय."

तिने चहा टाकायला सुनेला हाक मारली आणि पुटपुटली, "पाणी जपून घे गं, टँकरचं हाय."

"टँकरचं? विहीर तर भरलीय," पारमिता म्हणाली.

"आण्णाप्पा नगं म्हणतोय. कालपास्नं मोटर बी बंद. तंबाखू माना टाकतीय, पण त्यो ऐकंना."

आतल्या अंधारात काहीतरी हलले.

देवाप्पाला पुढचा प्रश्न विचारवत नव्हता. त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. "आज्जी, माफ करा. आंघोळ घालताना आज्जांच्या हाताला काही होतं का?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "काथ्याची कुसळं व्हती. दोनी तळहातात. मीच काढली. एवढ्या पहाटंचं कसलं दोर वढत व्हता कुणास ठाऊक."

चहा तसाच टाकून देवाप्पा बाहेर आला. मागोमाग आण्णाप्पा. अंगणाच्या कडेला त्याने देवाप्पाचा दंड धरला, फार जोरात.

"मास्तर, म्हातारीला काय इचारत बसलाय? जावा गप."

"आण्णाप्पा, दोर एकजण ओढतो. पहार दुसरा घालतो."

"कसली पहार?"

"देव हलवायची. प्रशिकनं काहीही म्हटलं तरी मशीन देवापासून मोजतं असं तुझ्या वडिलांना वाटलं. देव तीन पावलं सरकवला की विहीर राहील. पण तो इथला दगड नव्हता. पहार पदरात शिरली आणि देव उभा चिरला. अर्धा एकदम सुटून त्यांच्याकडं आला, ते मागं पडले, डोकं काळ्या ढिगावर आपटलं. मग फुटका देव लपवून त्यांना हवा होता तिथं तू काळा दगड रोवलास. पण मारलं नाहीस. कुणीच मारलं नाही."

आण्णाप्पाचा चेहरा दगडी झाला होता. "सगळं तुमच्या डोक्यातलं. देव फुटलाय म्हणता, मग दावा की फुटका देव! कुठाय?"

आण्णाप्पा त्याचा दंड सोडून घरात शिरला. त्याने दार लावून घेतले. चौकीतल्या घड्याळात तेव्हा तीन वाजले असतील. पाचला प्रशिकला घेऊन गाडी चिकोडीला निघणार होती.

६

ते बांधाच्या वाटेला लागले. देवाप्पा पाय ओढत चालत होता. "माझं चुकलंच असेल, पारू. खापरीवरून एवढी गोष्ट रचायची म्हणजे..."

"मामा, चुकला न्हाय तुमी. पण दगड पायजे. नदीत टाकला असंल तर संपलं."

"नदीत नाही." देवाप्पा थांबला. त्याला स्वतःच्या आवाजाचे नवल वाटले. "नदीत विसर्जन करायचं तर विधी लागतो, पूजा लागते. बाप गेला त्या क्षणाला तो सुतकात गेला. ती खोळसुद्धा त्यानं नदीवर नेली नाही. आणि फुटका देव उघड्यावरही टाकवत नाही, पाण्यातच ठेवावा लागतो. हाताशी पाणी कुठलं?"

दोघांनी एकदम विहिरीकडे पाहिले.

"म्हणून टँकर," पारमिता म्हणाली. "देवाच्या अंगावरचं पाणी घरात कसं प्यायचं?"

ती चौकीकडे जवळजवळ पळतच गेली. फौजदार आधी हसले, मग कुरकुरले, मग आले. त्यांच्यामागून गाव आले. कुणीही काठाजवळ जाईना. विहिरीत पडलेल्या कळश्या काढायचा गळ नागेंद्रच्या घरी होता. तो त्याने न बोलता आणला आणि दोर स्वतःच सोडला. गळ दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा अडकला. नागेंद्रचे दंड ताठले.

काठावर जे आले ते कोडगेवाडीने कधी पाहिले नव्हते. राखाडी आणि गुलाबी पट्ट्या, त्यांत अभ्रकाची चमक, एका अंगाला तेलाने काळवंडलेली जुनी पाठ. पाणी त्या पाठीवरून थेंब होऊन घरंगळत होते. दुसरी फाकळी आली तेव्हा नागेंद्रने ती पहिलीला लावली. पट्टीला पट्टी जुळली. चिरेत पहारीचा ताजा घाव होता, आणि एका कोपऱ्यावर काथ्याचा दोर अजून गुंडाळलेला होता.

बायकांपैकी कुणीतरी रडू लागले. गडी मागे सरले. आण्णाप्पा गर्दीतून पुढे आला. त्याला कुणी धरले नव्हते.

"आबा म्हणाला, देव आपलाच हाय, रागावणार न्हाय," तो फौजदारांना म्हणाला. "आन् त्यो चिरला. आबाच्या तोंडाकडं मी बघत व्हतो. पडायच्या आधीच त्यो गेलता, साहेब. देव फुटलेला बघूनच गेलता."

"मग एका निर्दोष पोराला दोन दिवस आत बसवलंस?"

"मी त्याचं नाव घेतलं न्हाय. गाव घेत व्हतं. मी गप बसलो. खरं बोलावं तर आबानं देव फोडला आसं झालं असतं. आईनं ह्या गावात कसं ऱ्हायाचं?"

रुक्माबाई विहिरीच्या काठी येऊन थांबली होती. सुतकामुळे तिला देवाला शिवता येत नव्हते. ती त्या दोन फाकळ्यांकडे बघत राहिली आणि मुलाला एवढेच म्हणाली, "त्या पोराला सोडवून आण जा. तू सोता जा."

पाचची गाडी प्रशिकला न घेता चिकोडीला गेली.

तेरावा झाल्यावर मोजणी पुरी करायला प्रशिकच आला. दुसऱ्याला पाठवतो म्हणत होते, पण त्याने ऐकले नाही. देवाप्पा त्याच्याबरोबर आला होता. पोराला त्या बांधावर एकटे सोडायला त्याचे मन धजत नव्हते. मशीन विहिरीच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. देवाच्या फाकळ्या वेदगंगेत गेल्या होत्या. म्हसोबाच्या जागी काहीच नव्हते, आणि तिथे काय बसवायचे हे विचारायला गावात कुणी तयार नव्हते.

प्रशिकने शेवटची खुंटी ठोकली. ती उसात बरीच आत गेली होती. नागेंद्रने खुंटीकडे पाहिले, पण तो भांडला नाही. तोंड फिरवून निघून गेला.

रुक्माबाई केव्हा आली ते कुणाला कळले नाही.

"हिर कुणाची निघाली, बाळा?"

"तुमचीच, आज्जी. सगळी. हद्द विहिरीच्या पलीकडं सहा पावलं हाय. सरकारच्या पहिल्या मोजणीपास्नं."

म्हातारीने खुंटीपासून विहिरीपर्यंत नजर नेली. मग तिथून म्हसोबाच्या जुन्या जागेच्या तेलकट मातीपर्यंत.

"हे तुला ते जायच्या आदल्या दिवशी कळलं न्हवतं?"

प्रशिकने हातोडा पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लागेना.

"अंदाज आलता, आज्जी," तो म्हणाला. "पण मोजणी पुरी झाल्याबिगर सांगायचं न्हाय, असा नियम हाय."